इन्सुलिनमुळे ॲसिडिटी वाढते का? स्वादुपिंड आणि जठरातलं ॲसिड, नक्की नातं काय?

शंकासुर (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न साधा आहे पण धड उत्तर कुठे मिळत नाहीये म्हणून धागा काढतोय. आमच्या मातोश्री, वय ६८, डायबेटीस जुना. यंदा गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून इन्सुलिन चालू झालं, सकाळ-रात्र. तेव्हापासून पहाटेचं एक नवीन नाटक सुरू झालंय, पोटात आग पडते, कालवतं, "मला काहीतरी खायला दे" म्हणते, दोन बिस्किटं पोटात गेली की गप झोपते.

शेजारच्या काकूंचं निदान तयार होतं, "इन्सुलिन उष्ण पडतं, पित्त होणारच". डॉक्टर म्हणाले दोन्हीचा काही संबंध नाही आणि पॅन्टोप्राझोल लिहून दिली. मग मी नेटवर वाचत बसलो आणि डोक्याचा पार भुगा झाला. एका ठिकाणी इन्सुलिन ॲसिड वाढवतं, दुसरीकडे वाढवत नाही, ग्लुकागॉन कमी करतं, सोमॅटोस्टॅटिन तर बंदच पाडतं, आणि ही सगळी म्हणे स्वादुपिंडातूनच येतात. मग स्वादुपिंड जठराच्या कारभारात लुडबुड करतं की नाही? करत असेल तर कशी? इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत म्हणून विचारतोय. घरगुती उपाय सुचवू नका, आई सगळ्या उपायांना पुरून उरलीये. कार्यकारणभाव सांगा.

खादाड_बोका
धागा वाचला. आता मिसळ खायला निघालोय. स्वादुपिंडाला आगाऊ सूचना दिली आहे.

कोल्हापुरी_तिखट
बोकोबा, पुण्याची गोडसर मिसळ असेल तर स्वादुपिंडाला सांगा, आमच्याकडची असेल तर जठराला. विभाग वेगळे आहेत.

गॅस्ट्रोवाला
चांगला प्रश्न आहे, आणि तुम्ही वाचलेली परस्परविरोधी वाक्यं बहुतेक सगळी आपापल्या जागी खरी आहेत. गोंधळ होतो तो "कुठून आलं, किती आलं आणि साखर तेव्हा किती होती" हे कुणी सांगत नाही म्हणून.

आधी जठराचं बघू. ॲसिड बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, पराएटल सेल्स. त्यांना कामाला लावणारे मुख्य तिघं. एक व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून थेट आलेली तार. दुसरं गॅस्ट्रिन, हे जठराच्याच खालच्या भागातल्या पेशींतून रक्तात येतं. तिसरं हिस्टामिन, हे शेजारच्या पेशींतून, आणि गॅस्ट्रिनचं बरंचसं काम प्रत्यक्षात हिस्टामिनमार्फतच होतं. शेवटी सगळे ज्याला कामाला लावतात तो प्रोटॉन पंप, पॅन्टोप्राझोल त्यालाच बंद पाडते. दिवसाला साधारण दोन लिटर जठररस तयार होतो. ब्रेक लावणारा मुख्य माणूस म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. जठरातलं ॲसिड फार वाढलं की हे सुटतं आणि गॅस्ट्रिन, हिस्टामिन दोघांनाही गप्प करतं.

आता स्वादुपिंड. त्याचा बहुतांश भाग पाचकरस बनवण्यात गुंतलेला आहे, हार्मोन बनवणारी बेटं वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. १८६९ साली पॉल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने बर्लिनमधे आपल्या प्रबंधात या पेशींचं वर्णन केलं, त्या करतात काय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यांत बीटा पेशी इन्सुलिन आणि ॲमिलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन, डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन आणि पीपी पेशी पॅन्क्रियाटिक पॉलिपेप्टाइड.

ग्लुकागॉन टोचलं तर ॲसिड कमी होतं आणि आतड्यांची हालचालही मंदावते, एंडोस्कोपी किंवा एक्स-रे काढताना आतडं शांत राहावं म्हणून ते देतात ते याचसाठी. पण तो डोस शरीर रोज स्वतः सोडतं त्याच्या कितीतरी पट असतो. ॲमिलिन जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. पॅन्क्रियाटिक पॉलिपेप्टाइड जेवणानंतर चांगलं वाढतं, पण ते मुख्यतः स्वादुपिंडाच्याच पाचकरसाला आणि पित्ताशयाला आवर घालतं, माणसाच्या ॲसिडवर त्याचा फारसा परिणाम नाही.

आणि सोमॅटोस्टॅटिन. इथे नेटवाले सगळे घसरतात. जठराला ब्रेक लावणारं सोमॅटोस्टॅटिन स्वादुपिंडातून येत नाही हो, जठराच्या स्वतःच्या डेल्टा पेशी असतात, त्या बाजूच्या पेशींवर जागच्या जागी सोडतात. रक्तात ते दोन-तीन मिनिटांत संपतं. पुण्याहून निघून नाशिकला पोचेपर्यंत उरणारच नाही.

शंकासुर
@गॅस्ट्रोवाला दंडवत. पण मग इन्सुलिनचं काय? मुद्दाम शेवटी ठेवलंत का?

गॅस्ट्रोवाला
ओपीडी सुरू झाली. रात्री लिहितो.

सदू_पेठकर
हे म्हणजे मालिकेसारखं झालं, ऐन मोक्याला जाहिरात.

अग्निमांद्य
आमच्या शास्त्रात जठराग्नी एकच मानलाय आणि त्याच्यावर सगळं शरीर चालतं. तुम्ही त्याचे शंभर तुकडे करून प्रत्येकाला वेगळं नाव दिलंत म्हणजे समजलं असं नाही. काकूंनी उष्ण म्हटलं त्यात हसण्यासारखं काय आहे? अनुभवातूनच आलंय ना ते.

निवृत्त_चाकू
@अग्निमांद्य हसलं कोण? पण "उष्ण" म्हटलं की पुढे मोजायचं काय ते सांगा. आम्ही मोजायचो, म्हणून हा प्रतिसाद.

@शंकासुर, गॅस्ट्रोवाले रात्री येतील तोवर इन्सुलिनचं मी सांगतो, कारण यातलं मी स्वतःच्या हाताने केलंय. सत्तरच्या दशकात आमच्या वॉर्डात ड्युओडेनल अल्सरचे (ड्युओडेनम म्हणजे जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग) पेशंट रांगेने असायचे. तेव्हा आजच्या गोळ्या नव्हत्या. सिमेटिडिन बाजारात आलं १९७६ ला इंग्लंडात, आपल्याकडे यायला आणखी वेळ लागला, ओमेप्राझोल तर १९८८ चं. मग अल्सरवाल्याचं करायचं काय, तर व्हेगोटॉमी-जीजे. व्हेगस नर्व्ह कापायची आणि जठराला आतड्याकडे नवीन वाट काढून द्यायची. हे ऑपरेशन शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेटने १९४३ पासून रुळवलं. मूळ कल्पना पावलोवच्या कुत्र्यांची. तोच घंटीवाला पावलोव, पण नोबेल त्याला १९०४ साली मिळालं ते पचनाच्या कामासाठी. त्याने दाखवलं की कुत्र्याने खाल्लेलं पोटात न जाता गळ्यातूनच बाहेर पडलं तरी जठररस वाहतो, आणि व्हेगस कापल्या की नाही वाहत.

तर ऑपरेशन झालं. व्हेगस पूर्ण कापली गेली की एखादी फांदी राहिली हे कळणार कसं? राहिली असेल तर अल्सर परत येणार. त्यासाठी इन्सुलिन टेस्ट. न्यूयॉर्कच्या फ्रँक हॉलंडरने १९४६ मधे तिचे निकष ठरवून दिले म्हणून हॉलंडर टेस्ट. पेशंट उपाशी, नाकातून रायल्स ट्यूब जठरात, आणि शिरेतून किलोमागे ०.२ युनिट इन्सुलिन. साखर ५० च्या खाली घसरली पाहिजे, नाहीतर टेस्ट बाद. मेंदूला साखर कमी पडली की तो व्हेगसमार्फत जठराला ओरडून सांगतो, आणि ॲसिड उसळतं. व्हेगस शाबूत असेल तर उसळतं. पूर्ण कापलेली असेल तर साखर हवी तेवढी घसरू द्या, पेशंटला दरदरून घाम फुटेल, हात थरथरतील, जठर मात्र ढिम्म.

शिवाय आधीच ग्लुकोज देऊन साखर घसरूच दिली नाही तर तेवढंच इन्सुलिन देऊनही ॲसिड वाढत नाही. म्हणजे इन्सुलिन जठराला जाऊन काही सांगत नाही. सांगतो मेंदू, आणि तोही साखर पडली तरच. हे मला कुणी वर्गात शिकवलं असतं तर विसरलो असतो, पण रात्रपाळीचा रेसिडेंट म्हणून एक हात पेशंटच्या नाडीवर आणि दुसऱ्या हातात २५ टक्के ग्लुकोजची सिरिंज धरून बसलोय, त्यामुळे नाही विसरत. टेस्ट धोक्याची होती, हार्टवाल्यांना तर करायचीच नाही, आणि पुढे मागे पडली ते योग्यच झालं.

लॅबवाली_मावशी
काका, आणि ते नमुने तपासायचं कोण? 😄 दर पंधरा मिनिटांनी एक बाटली, दोन तास. प्रत्येकीवर वेळ लिहायची. रेसिडेंट लोक वेळ लिहायला विसरायचे आणि मग आमच्याशी भांडायचे. गाळून घ्यायचं, इंडिकेटर टाकायचा, सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन. टॉप्फर रिएजंटचा लाल रंग जाऊन पिवळट झाला की फ्री ॲसिड संपलं. त्या बाटल्यांचा वास अजून आठवतो, लिहिणार नाही, लोक जेवत असतील.

हॉलंडरचा निकष असा होता की ॲसिडची तीव्रता सुरुवातीपेक्षा लिटरमागे २० मिलिइक्विव्हॅलंटने वाढली की टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे व्हेगस शिल्लक. पहिल्या तासात वाढली की दुसऱ्या तासात यावरूनही सर्जन मंडळींचे वाद व्हायचे.

निवृत्त_चाकू
@लॅबवाली_मावशी नमस्कार हो. वेळ लिहायला मी कधी विसरलो नाही, वाचता येत नसेल एवढंच.

नागपूरकर_संत्रं
अफाट धागा होऊन राहिला हा. वाचतोय.

गॅस्ट्रोवाला
काकांनी माझं काम केलं. फक्त एक भर घालतो. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी पोर्टल व्हेनने लिव्हरला जातं, आणि लिव्हर पहिल्याच फेरीत साधारण निम्मं इन्सुलिन संपवतं. उरलेलं हृदयातून फिरून मग कुठे जठराकडे पोचतं. हे दोघं पोटात एकमेकांना चिकटून बसलेले असले तरी एकाचं पाणी दुसऱ्याच्या शेतात थेट जात नाही. टोचलेल्या इन्सुलिनला लिव्हरचा हा पहिला टोलनाका लागत नाही, तरीही जठरावर त्याचा ठळक परिणाम दिसतो तो साखर पडल्यावरच.

आणि @शंकासुर, आता माझा प्रश्न. आईंना पहाटे जळजळ होते तेव्हा ग्लुकोमीटर लावून पाहिलाय का?

शंकासुर
नाही. सकाळी उपाशीपोटी सातला बघतो रोज, ती १३०-१४० असते, म्हणून पहाटेची बघावी असं डोक्यातही आलं नाही.

गॅस्ट्रोवाला
बघा. रात्रीच्या इन्सुलिनने साखर मध्यरात्रीनंतर पडू शकते आणि शरीर ती ओढूनताणून वर आणतं, शिवाय तुम्ही बिस्किटं देताय. सातला मीटरवर सगळं छान दिसणार. आग, कालवाकालव, भूक, आणि खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत शांत, हे वर्णन ऐकून मला आधी साखर आठवते, नंतर ॲसिड. घाम येतो का, अंगावरचे कपडे ओले होतात का, छातीत धडधड होते का, हेही विचारा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नका, आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा.

अग्निमांद्य
म्हणजे काकू बरोबरच निघाल्या तर.

कोल्हापुरी_तिखट
काकू कधी चुकल्यात काय हो? आमच्या सोसायटीत तर पॅथॉलॉजी लॅब बंद पडायला आलीये काकूंमुळे.

बे_एरिया_बापू
थोडा वेगळा सूर लावतो. इथे सगळे म्हणतायत स्वादुपिंडाचा जठराशी थेट संबंध नगण्य. मग झोलिंजर-एलिसन सिंड्रोमचं काय? तिथे स्वादुपिंडाच्या हार्मोनमुळेच जठर ॲसिडचा पूर आणतं की.

गोष्ट भारी आहे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी, कोलंबस. रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन या सर्जनांकडे दोन पेशंट होते, अल्सर एवढे हट्टी की जठर थोडं कापलं तरी परत, आणखी कापलं तरी परत, आणि तेही ड्युओडेनमच्या पुढे जेजुनममधे, जिथे एरवी अल्सर होत नाही. शेवटी अख्खं जठर काढावं लागलं. दोघींच्याही स्वादुपिंडात बेटांच्या पेशींची गाठ होती, आणि ती इन्सुलिन बनवणारी नव्हती. १९५५ साली त्यांनी मांडलं की ही गाठच काहीतरी अल्सर घडवणारा पदार्थ रक्तात सोडत असणार. पदार्थ कोणता हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यांचा संशय ग्लुकागॉनवरही होता. १९६० मधे लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसीने अशाच एका गाठीतून गॅस्ट्रिनसारखा पदार्थ वेगळा काढला, आणि १९६४ मधे डुकराच्या जठरातून खरं गॅस्ट्रिन शुद्ध करून त्याची रचनाही दिली. एडकिन्सने १९०५ मधे गॅस्ट्रिनची कल्पना मांडली होती, मधली कित्येक वर्षं लोक म्हणत होते असलं काही नसतंच, ते सगळं हिस्टामिनच आहे.

साधारण माणसाचं जठर काही खाल्लेलं नसताना तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत ॲसिड बनवतं, या लोकांचं १५ च्या वर, कधीकधी त्याच्या अनेक पट. याहून थेट संबंध कोणता हवा?

खादाड_बोका
बापू, गाठ आली की नातं जुळतंच.

पांढरा_कोट
@बे_एरिया_बापू गोष्ट छान सांगितलीत पण निष्कर्ष पटला नाही. निरोगी प्रौढ माणसाचं स्वादुपिंड गॅस्ट्रिन बनवतच नाही. गर्भात असताना बनवतं, नंतर ते बंद होतं. म्हणजे झोलिंजर-एलिसनमधली गाठ ही स्वादुपिंडाच्या रोजच्या कामाचा वाढलेला आवाज नाहीये, तिथे भलताच कार्यक्रम सुरू झालेला असतो. आणि आता जेव्हा बारीक शोधतात तेव्हा यातल्या बऱ्याच गाठी स्वादुपिंडात नाही तर ड्युओडेनमच्या भिंतीत सापडतात, मुगाच्या डाळीएवढ्या. सुरुवातीच्या काळात एवढ्या लहान दिसायच्याच नाहीत. यातल्या साधारण चार-पाचांत एकाला मेन-१ नावाचा आनुवंशिक आजार असतो, म्हणून पॅराथायरॉईड आणि पिट्युटरीही तपासतात.

विरुद्ध बाजूचं उदाहरण घ्या. १९५८ मधे व्हर्नर आणि मॉरिसनने असे पेशंट लिहिले ज्यांच्या स्वादुपिंडात गाठ, पण जठरात ॲसिड जवळपास नाहीच, आणि पाण्यासारखे जुलाब थांबायलाच तयार नाहीत, रोज लिटरच्या लिटर, उपाशी ठेवलं तरी, त्यात पोटॅशियम वाहून जाऊन माणूस दगावायचा. पॅन्क्रियाटिक कॉलरा म्हणायचे. तिथला दोषी व्हीआयपी नावाचा पेप्टाइड, तो १९७० मधे सैद आणि मुट यांनी आतड्यातून वेगळा केला. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने एकाच अवयवातल्या दोन गाठी, एक ॲसिडचा पूर आणते, दुसरी दुष्काळ. यावरून "स्वादुपिंड ॲसिड वाढवतं" म्हणायचं की "कमी करतं"? दोन्ही नाही. गाठ जे बनवेल ते होईल.

सदू_पेठकर
हा व्हीआयपी पण सगळ्या व्हीआयपींसारखाच दिसतोय. आला की बाकीच्यांचं पाणी जातं.

बे_एरिया_बापू
@पांढरा_कोट गर्भातल्या गॅस्ट्रिनचा मुद्दा मान्य. पण मी म्हणतो त्यात एक गोष्ट राहते. ही हार्मोन्स जठरापर्यंत पोचून काम करू शकतात, एवढं तरी या गाठींनी सिद्ध केलंच ना? म्हणजे रस्ता आहे, रोजची रहदारी कमी आहे.

पांढरा_कोट
हे मात्र चालेल. आणि जुलाबाचं एक सांगायचं राहिलं. झोलिंजर-एलिसनमधेही जुलाब होतात, पण तिथे कारण ॲसिडच. एवढं ॲसिड आतड्यात उतरलं की स्वादुपिंडाचं लायपेज निकामी होतं, चरबी पचत नाही. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं की हे जुलाब थांबतात, व्हीआयपीवाले थांबत नाहीत. जुने डॉक्टर यावरून ओळखायचे, स्कॅन वगैरे नसताना.

मृणाल_विरार
इथे एक शंका. स्वादुपिंडाचा तो क्षारी रस असतो ना जो ॲसिड मारतो, तो नाही का यात? बाबांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस आहे, त्यांना एन्झाइमच्या कॅप्सूलसोबत ॲसिडची गोळी पण दिलीये. फार्मसीवाला म्हणाला कशाला दोन्ही घेता.

गॅस्ट्रोवाला
@मृणाल_विरार फार्मसीवाल्याचं ऐकू नका. तो रस हार्मोन नाही, पण तुमचा मुद्दा या धाग्यातलाच आहे. स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर बायकार्बोनेटवाला रस ड्युओडेनममधे ओततं, जठरातून उतरलेलं ॲसिड तिथे मारलं जातं. हे करायचा हुकूम सिक्रेटिन देतं, आणि ते येतं ड्युओडेनममधून. बेलिस आणि स्टारलिंगने लंडनमधे १९०२ साली शोधलेलं, हार्मोन म्हणून ओळखलं गेलेलं पहिलंच. सिक्रेटिन जठरालाही सांगतं की बास कर. म्हणजे स्वादुपिंड आणि जठर यांच्यात निरोप नेणारं जे काही आहे ते बरंचसं मधल्या ड्युओडेनममधे बसलंय.

बाबांचं स्वादुपिंड आटलंय म्हणून बायकार्बोनेट कमी, म्हणून आतड्यात ॲसिड जास्त वेळ टिकतं आणि कॅप्सूलमधलं एन्झाइम खराब करतं. ॲसिड कमी केलं की एन्झाइमला काम करता येतं, म्हणून दोन्ही. कॅप्सूल जेवणाच्या घासांसोबत घ्यायची, जेवण झाल्यावर तासाने नाही.

मृणाल_विरार
खूप खूप आभार 🙏 हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, ते जेवण झाल्यावर टीव्ही बघताना घ्यायचे.

हिंजवडी_हाल
अवांतर: ऑफिसात अर्धी टीम सध्या ते आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन घेतेय, सेमाग्लुटाइड. सगळ्यांना ढेकर आणि जळजळ. हे पण स्वादुपिंडाचं हार्मोनच ना? मग ॲसिड वाढतंय ना?

पांढरा_कोट
सेमाग्लुटाइड नक्कल करतं ते जीएलपी-१ या हार्मोनची. ते मुख्यतः आतड्याच्या एल पेशींतून येतं, स्वादुपिंडावर काम करतं म्हणून लोक त्याला त्याच्या खात्यात टाकतात. आणि ते ॲसिड वाढवत नाही, उलट थोडं दाबतंच. तुमच्या टीमला त्रास होतोय तो जठर हळू रिकामं होतंय म्हणून. दुपारची बिर्याणी संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत पोटातच, वर वर येणारच. कमी खा म्हणून औषध घ्यायचं आणि मग तेवढंच खायचं, यात औषधाचा दोष नाही.

हिंजवडी_हाल
बिर्याणीचं कसं कळलं?

अग्निमांद्य
एक मुद्दा गंभीरपणे मांडतो, चेष्टा नको. डायबेटीसवाल्यांना जेवण पचत नाही, पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, हे आम्ही रोज बघतो. तुम्ही सगळे ॲसिड ॲसिड करताय, त्यांच्यात कित्येकांना ॲसिड जास्त नसतंच असा माझा अनुभव. मग प्रत्येकाला ती सकाळची गोळी कशासाठी?

गॅस्ट्रोवाला
@अग्निमांद्य इथे मी तुमच्या बाजूने. जुन्या डायबेटीसमधे व्हेगस स्वतःच खराब होते, म्हणजे काकांनी जी सुरीने कापली ती इथे साखरेने हळूहळू निकामी होते. जठर सुस्त पडतं, रिकामं होत नाही. अशा पेशंटला जळजळ आणि फुगणं होतं ते अन्न साठल्यामुळे, नुसती ॲसिडची गोळी देऊन फारसा उपयोग नाही. वर आणखी घोळ म्हणजे इन्सुलिन आपल्या वेळेवर काम करतं आणि अन्न उशिरा उतरतं, म्हणून जेवणानंतर साखर पडते आणि नंतर चढते.

टाइप १ वाल्यांमधे तर ॲसिड बनवणाऱ्या पेशींविरुद्धच्याच अँटीबॉडी इतरांपेक्षा जास्त जणांत सापडतात. त्यांचं ॲसिड कालांतराने कमीच होतं, आणि सोबत बी-१२ ही. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) आणि ही ॲसिडची गोळी दोन्ही वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही बी-१२ तपासत राहावं.

निवृत्त_चाकू
आणि हेलिकोबॅक्टर विसरू नका राव. आम्ही ज्या व्हेगस कापल्या त्यातल्या किती जणांना नुसत्या अँटिबायोटिकने बरं वाटलं असतं! वॉरन आणि मार्शलने पर्थमधे १९८२ ला तो जंतू शोधला, २००५ ला नोबेल मिळालं. आज अल्सरसाठी व्हेगोटॉमी बघायला मिळत नाही म्हणून आमच्या रेसिडेंटना ती नर्व्ह नुसती पुस्तकात माहीत.

शंकासुर
अपडेट देतो. अलार्म लावून पहाटे उठलो, तिची तक्रार सुरू झाल्याबरोबर बोट टोचलं. साखर ५८. मानेवर घामही होता, ती म्हणे "उकडतंय म्हणून असेल". डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी रात्रीचा डोस कमी केला आणि झोपताना काय खायचं ते सांगितलं. त्यानंतर पहाटेचं थांबलंय. दुपारची जळजळ अजून आहे, ती आधीपासूनच होती, ती तिच्या चहाची.

आता पुढचा प्रश्न. पॅन्टोप्राझोल चालूच आहे. मी नको तिथे नाक खुपसून तिची गॅस्ट्रिन लेव्हल करावी का असा विचार करतोय, झोलिंजर वाचल्यापासून झोप उडालीये.

पांढरा_कोट
वाटलंच होतं, धागा इकडे येणार. नका करू. तो आजार फार दुर्मिळ आहे. आणि गोळी चालू असताना गॅस्ट्रिन बहुतेकांचं वाढलेलंच येतं, कारण ॲसिड नाही म्हटल्यावर सोमॅटोस्टॅटिनचा ब्रेक सुटतो आणि गॅस्ट्रिनच्या पेशी मोकाट सुटतात. आकडा लाल रंगात छापून येईल आणि तुमची पुढच्या महिन्याचीही झोप जाईल. ज्यांना खरंच संशय आहे त्यांच्यात उपाशीपोटी गॅस्ट्रिन १००० च्या वर आणि त्याच वेळी जठराचा पीएच २ च्या खाली, असं दोन्ही लागतं. मधल्या आकड्यांसाठी सिक्रेटिन टोचून बघतात, निरोगी माणसाचं गॅस्ट्रिन त्याने फारसं हलत नाही, गाठवाल्याचं उसळतं. आईंना अल्सर परत परत होतायत का? जुलाब आहेत का? नाही ना?

शंकासुर
नाही. जुलाब सोडा, उलटच आहे. इसबगोल चालू आहे.

लॅबवाली_मावशी
आणि कधी कुणाला खरंच करायची वेळ आली तर गोळी मनाने बंद करून मोकळे होऊ नका, ज्याला खरोखर गाठ आहे त्याने ती अचानक थांबवली तर रक्तस्राव होऊ शकतो, डॉक्टर सांगतील तशीच थांबवायची. नमुना उपाशीपोटीच हवा, सकाळचा चहासुद्धा नाही. आणि तो लगेच बर्फात ठेवून थंडच लॅबला पोचला पाहिजे, बाहेर पडून राहिला की गॅस्ट्रिन मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. घरून सॅम्पल न्यायला मुलगा येतो त्याच्याकडे बर्फाचा डबा आहे का ते आधी फोनवर विचारायचं, तो दारात आल्यावर नाही.